करुण रस आणि थकलेली देणी

१

गिरणगावाविषयी लिहिताना ‘शोकांतिका’ हा शब्द आपल्याकडे इतक्या सहजपणे योजला जातो की, ती एक निवड आहे ह्याचे भान लिहिणाऱ्यालाही राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये सुरू झालेला संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार, कधीच रीतसर मागे न घेतला गेलेला तो लढा, गावाकडे परतलेली वा शहरातच हरवलेली माणसे आणि पुढे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल व मनोरे ह्या सगळ्याचा निर्देश वृत्तपत्रीय लेखांत, प्रबंधांत आणि नाट्यसमीक्षेत ह्या एकाच शब्दाने केला जातो. शब्द सहानुभूतीचा आहे, ह्यात शंका नाही. परंतु तो केवळ वर्णन करणारा शब्द आहे काय? शोकांतिकेत विनाश असतो, दुःख असते, क्वचित प्रमादही असतो. एका पक्षाचे दुसऱ्या पक्षाकडे काही येणे मात्र नसते. पडदा पडल्यावर प्रेक्षकाने कोणाला काही द्यावयाचे राहिलेले नसते. म्हणजे एखाद्या घटनेला शोकांतिका म्हणणे ह्यात तिच्याविषयीचा एक निवाडाही अनुस्यूत असतो, आणि तो निवाडा साक्षीपुरावा न घेताच दिलेला असतो.

हा विचार माझ्या मनात एका लहानशा प्रसंगाने आला. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी संपोत्तर गिरणगावाविषयीचे साहित्य शिकवीत होतो. वर्ग हेलावला होता, आणि अध्यापकाला अशा वेळी वाटते ते समाधान मलाही वाटत होते. तासानंतर एक विद्यार्थिनी थांबली. तिचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचा खात्यात कामाला होते. आजी चाळीतल्या खोलीत गाववाल्यांची खाणावळ चालवीत असे. ती शांतपणे म्हणाली, “सर, ह्यात रडण्यासारखं काय आहे? आमच्या आजोबांचे पैसे अजून यायचे आहेत.”

ते वाक्य मी अनेक दिवस मनात घोळवीत राहिलो. वर्गातल्या इतरांनी आणि तिने एकच पाठ्य वाचले होते. इतरांना त्यात करुणा दिसली होती, तिला थकबाकी दिसली होती. मी तोवर तिच्या वाचनाला ‘वैयक्तिक’ आणि इतरांच्या वाचनाला ‘साहित्यिक’ म्हटले असते. तसे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा ह्या लेखाचा विषय आहे. श्रीमंत आणि श्रमिक ह्यांच्यातील संबंध हा मुळात देण्या-घेण्याचा संबंध आहे. त्याविषयीच्या साहित्याचे मूल्य करुणेच्या निकषावर ठरवले की तो संबंध नाहीसा होतो आणि एक दुःख तेवढे उरते, असे माझे प्रतिपादन आहे. हे नाहीसे होणे सौंदर्यशास्त्राच्या नावाने घडते म्हणून त्याची चिकित्साही सौंदर्यशास्त्रातच करावी लागेल.

२

रससिद्धान्ताने करुणेच्या आस्वादाची जी उपपत्ती दिली, तिच्याइतकी सूक्ष्म उपपत्ती अन्यत्र क्वचितच आढळेल. लौकिकातील शोक दुःखदायक, मग काव्यातील करुण आस्वाद्य का? भट्टनायकाचे उत्तर साधारणीकरणाचे आहे, आणि अभिनवगुप्ताने ते आपल्या पद्धतीने पुढे नेले. रंगभूमीवरचा शोक ना रामाचा राहतो ना नटाचा ना प्रेक्षकाचा. तो स्वगत-परगत ह्या भेदांतून सुटतो. अभिनवगुप्ताने जी रसविघ्ने सांगितली, त्यांत हा शोक माझा की दुसऱ्याचा अशा नियमात अडकून देशकालविशेषाचा आवेश होणे हे एक आहे, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. ह्या विघ्नांचा परिहार झाल्याशिवाय सहृदयाला रसप्रतीती होत नाही.

आता ह्या उपपत्तीसमोर माझी विद्यार्थिनी उभी करून पाहावी. तिच्या ठिकाणी दोन्ही विघ्ने उपस्थित आहेत. देश परळ, काल १९८२, आणि शोक स्वगत. शास्त्राच्या दृष्टीने तिला रसप्रतीती झाली नाही. ती सहृदय ठरत नाही. येथपर्यंत शास्त्राशी माझे भांडण नाही. ज्याचे घर जळाले त्याला अग्नीच्या वर्णनाचा आस्वाद घेता येत नाही, एवढेच शास्त्र सांगते. प्रश्न उरतो तो उरलेल्या वर्गाचा. ते विघ्नरहित होते असे आपण कशावरून म्हणतो? त्यांपैकी काहीजण गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत पुढे नोकरी करणार होते. एकदोघांची घरे त्या परिसरातील नव्या इमारतींत होती. त्यांचा ह्या कथेशी संबंध होता, आणि तो लाभाचा संबंध होता. ज्याचे नुकसान झाले त्याचे हितसंबंध आपल्याला विघ्न म्हणून चटकन ओळखता येतात. ज्याचा लाभ झाला त्याचे हितसंबंध मात्र तटस्थतेसारखे दिसतात. साधारणीकरणाच्या सिद्धान्तात ही विषमता लिहिलेली नाही. ती आपण तो सिद्धान्त वापरताना आत आणली आहे.

आद्य काव्याच्या जन्मकथेकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगातून शोक श्लोकत्वाला पोहोचला, हे आनंदवर्धनापासून आपण ऐकत आलो आहो, आणि तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये असे अभिनवगुप्ताने बजावले आहे. पण तो श्लोक आहे कसला? तो शाप आहे. त्यात एक संबोधित व्यक्ती आहे, तिच्यावर आरोप आहे आणि परिणामाची घोषणा आहे. म्हणजे पहिल्या श्लोकात शोक हा एका संबंधाचा भाग आहे: कोणीतरी कोणाचेतरी काहीतरी हिरावून घेतले आहे, आणि बोलणारा त्याला जाब विचारतो आहे. रामायणातच पुढे काय घडते ते पाहावे. शाप उच्चारून होताच मुनीचे लक्ष आपण बोललो त्या वाणीच्या पादबद्धतेकडे जाते. तो आपल्या शिष्याशी छंदाविषयी बोलू लागतो. निषाद कथेतून निघून जातो, तो परत येत नाही. काव्यशास्त्राने उचलला तो शोक आणि तो छंद. आरोपी अरण्यातच राहिला. (तो आरोपी शिकारीवर जगणाऱ्या जमातीतला आणि जाब विचारणारा तपोवनातला, ही त्या कथेतली वर्गीय विसंगती वेगळ्या लेखाचा विषय होईल.)

पाश्चात्त्य परंपरेत हेच काम कांटच्या १७९० मधील ग्रंथातील हितसंबंधनिरपेक्ष आनंदाच्या कल्पनेने केले. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे जे दोन ध्रुव दाखवले, त्यांतील पहिल्याचे बळ ह्या कल्पनेत आहे. दुसऱ्या ध्रुवाकडून शरच्चंद्र मुक्तिबोधांसारख्यांनी मानुषतेचे मूल्य पुढे ठेवले. परंतु मानुषता हीही एक व्यापक कोटी आहे. माणूस म्हणून आपण सारे एक, हे म्हणताना मालक-कामगार हा विशिष्ट संबंध पुन्हा एकदा मागे पडू शकतो. लौकिकतावाद्यांनी साहित्यात जीवन आणले. जीवनातला हिशेब आणण्यास तेही कचरले, असे मला वाटते.

३

‘देणी’ हा शब्द मी रूपक म्हणून वापरीत नाही. गिरणी कामगारांच्या बोलण्यात, मागणीपत्रांत, मोर्च्यांच्या फलकांवर हाच शब्द होता: थकलेला पगार, उपदान, भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे कामगारांची थकीत देणी. त्यांनी दया मागितली नव्हती. हा फरक किती महत्त्वाचा आहे हे ज्याला सर्वांत तीव्रतेने जाणवले असेल असे एक नाव आठवते ते गांधींचे. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपात कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीची होती. कामगारांचा निर्धार ढळू लागला तेव्हा गांधींनी उपोषण केले आणि तडजोड झाली. परंतु आत्मकथेत त्यांनी कबूल केले आहे की, त्या उपोषणात एक गंभीर दोष होता. गिरणीमालकांशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते. त्यामुळे मालकांवर दडपण आले ते कामगारांच्या संपाचे नव्हे, गांधींविषयीच्या स्नेहाचे. न्याय्य म्हणून मिळावयाचे ते ममतेपोटी मिळाले, आणि त्यामुळे ते डागाळले. विश्वस्तवृत्तीचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंतानेच करुणेच्या मार्गाने आलेल्या देण्याविषयी असमाधान व्यक्त करावे, ह्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही.

येथे एक आक्षेप लगेच येईल. देणे म्हटले की देणेकरी आला, आणि देणेकरी म्हणजे गुन्हेगार. मग एका अख्ख्या वर्गाला गुन्हेगार ठरवावयाचे काय? गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा होती, संपाच्या नेतृत्वाचेही काही अंदाज चुकले असतील. आणि आज त्या जमिनीवरच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने तर बाजारभावाने, कर्ज काढून घर घेतले आहे. त्याचा दोष काय?

दोष नसेलही. पण दोष आणि देणे ह्या दोन वेगळ्या कोटी आहेत, आणि हा वेगळेपणा मराठी माणसाला कोणत्याही तत्त्ववेत्त्याने शिकवावा लागत नाही. बापाने काढलेले कर्ज मुलगा फेडतो. त्यात मुलगा दोषी असतो असे कोणी म्हणत नाही. त्याने ते कर्ज काढले नव्हते, कदाचित त्याला ते ठाऊकही नव्हते. वारसा घेतला म्हणून देणे आले. (हिंदू कायद्याने मुलाचे हे धार्मिक बंधन दीर्घकाळ मान्य केले होते, २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते ते संपले. समाजमनातून ते संपले आहे असे दिसत नाही.) वैदिक परंपरेतील ऋणकल्पनाही कराराशिवाय, जन्मानेच येणाऱ्या देण्याची कल्पना आहे. तिचा गौरव करताना सावध राहिले पाहिजे, कारण तैत्तिरीय संहितेत ती ब्राह्मणाच्या जन्मासंबंधी सांगितली आहे आणि ते ऋण देव, ऋषी व पितर ह्यांचे आहे. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यांच्या ऋणाची भर पडते. तथापि जो श्रमतो त्याचे ऋण असे वेगळे नाव त्याला मिळत नाही. कल्पनेचा आकार मात्र उपयोगी आहे: देणे आधी, करार नंतर.

मार्क्सनेही ‘भांडवल’च्या प्रस्तावनेत व्यक्तींना आर्थिक कोटींची मूर्त रूपे म्हणूनच हाताळल्याचे आणि व्यक्तीला त्या संबंधांसाठी जबाबदार न धरल्याचे सांगितले आहे. म्हणजे वर्गसंघर्षाच्या सर्वांत प्रखर भाष्यकारालाही खलनायकाची गरज नव्हती. दुसऱ्या टोकाला, मालकीहक्काची आधुनिक काळातील सर्वांत कडवी मांडणी करणारा रॉबर्ट नोझिक (१९७४) ह्याच्या सिद्धान्तातही न्याय्य संपादन व न्याय्य हस्तांतर ह्यांच्या जोडीला पूर्वीच्या अन्यायाच्या परिमार्जनाचे तिसरे तत्त्व आहे. त्याचा तपशील त्याने भरला नाही, पण जागा सोडली आहे. विसाव्या मजल्यावरचे घर न्याय्य हस्तांतराने मिळाले हे खरे असले, तरी साखळीतली आधीची कडी तपासावीच लागते.

ती कडी कशी आहे? मुंबईतील गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. त्या जमिनीची किंमत गिरणीमालकाने निर्माण केली असे म्हणणे कठीण आहे. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली तेव्हापासून त्या भागात जे शहर वाढले ते कामगारांच्या वस्तीने, रेल्वेने, बाजारांनी, नगरपालिकेच्या खर्चाने वाढले. जमिनीच्या वाढत्या मूल्यावर समाजाचा हक्क असतो, हा हेन्री जॉर्जचा १८७९ मधील युक्तिवाद लालबाग-परळइतका चपखल अन्यत्र लागू पडेल की नाही, सांगता येत नाही. राज्यानेही तो अंशतः मान्य केला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि एक मालकाला, अशी वाटणी व्हावयाची होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली: वाटणी होईल ती केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती हिशेबाबाहेर गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्याविरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती वैध ठरवली.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या तपशिलापाशी थांबावयाचे कारण असे की, येथे शेकडो एकरांचे भवितव्य ‘मोकळी’ ह्या एका विशेषणाच्या अर्थनिर्णयनावर ठरले. अर्थनिर्णयन हा आपला व्यवसाय आहे. आपण एकेका शब्दाच्या अनेकार्थतेवर परिसंवाद भरवतो; ह्या विशेषणावर एखादा परिसंवाद झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आणि मग जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठीच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदारांची संख्या लाखाहून अधिक होती. घर मिळणार ते किंमत भरून, आणि नाव निघाले तर. ज्यांची नावे निघाली त्यांचा आनंद पाहून कोणालाही बरे वाटावे, मलाही वाटले. पण नैतिक दृष्टीने सोडत हा काय प्रकार आहे, ह्याचा विचार केला पाहिजे. जे कोणाचेच नाही ते वाटताना सोडत न्याय्य असते. सर्वांचे सारखेच देणे असताना आणि देणाऱ्याकडे पुरेसे नसतानाही ती कदाचित न्याय्य असेल. परंतु येथे पुरेसे होते, आणि ते हिशेबाबाहेर ठेवले गेले होते. सोडतीने हक्काचे रूपांतर नशिबात केले. ज्याचे नाव निघाले नाही त्याला आता ‘माझे येणे बाकी आहे’ असे म्हणता येत नाही. ‘माझे नशीब नाही’ एवढेच म्हणता येते. शोकांतिका ह्या शब्दाचे शासकीय भाषांतर करावयाचे झाले तर ते सोडत असेच होईल, असे मला तेव्हा वाटले होते. आजही वाटते.

४

साहित्याने ह्या सगळ्याचे काय केले? सर्वच साहित्याने करुणेच्या द्वारे देणे बुडवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ (१९९७) घ्यावे. संपानंतरचे एक गिरणी कामगार कुटुंब, चाळीतली एक खोली, बेकार मुले, त्यांतला एक गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला. मालक त्या खोलीत येत नाही. घरातल्या माणसांचा संताप घरातल्याच माणसांवर निघतो. कोण कोणाच्या जिवावर जगतो आहे, कोणी काय कमावले, कोणी काय खाल्ले ह्यावरून ती एकमेकांना ओरबाडतात. प्रचलित समीक्षेने ह्याला कौटुंबिक विघटनाचे करुण चित्रण म्हटले. मला त्या भांडणांत दुसरे काही दिसते. येणे मोठे आहे, आणि ज्याच्याकडून यावयाचे तो समोर नाही. म्हणून ते येणे घरातल्या घरात वसूल केले जात आहे. आई मुलाकडून, भाऊ भावाकडून, बहीण सर्वांकडून. नाटकात ‘देणे’ इतक्या ठिकाणी विखुरले आहे की, प्रेक्षकाला नुसते रडून मोकळे होता येऊ नये. तरीही तो रडून मोकळा होतो, हे खरे. दादरचे शिवाजी मंदिर आणि प्रभादेवीचे रवींद्र ही मुंबईतली मराठी नाटकाची घरे गिरण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सौंदर्यानुभवाला आवश्यक ते अंतर एवढ्या थोड्या वाटेत कसे निर्माण होते, ह्याचा अभ्यास व्हावयास हवा.

२०१० मध्ये ह्या नाटकावर आधारित चित्रपट आला, आणि त्यात मालक दिसला. वरवर पाहता ही प्रगती आहे: अनुपस्थित पक्ष उपस्थित झाला. परंतु पडद्यावर आला तो जमिनीवर डोळा असलेला दुष्ट मनुष्य. त्याच्याकडे बोट दाखवून प्रेक्षक पुन्हा सुटतो. दोषी सापडला, आता देण्याची चौकशी कशाला? मालकाला न दाखवणारे नाटक मला चित्रपटापेक्षा अधिक कठोर वाटते ते ह्यामुळे.

नारायण सुर्वे ह्यांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. गिरणी कामगाराने सांभाळलेला, स्वतः गिरणीत राबलेला हा कवी. त्यांच्या कवितेची चर्चा बहुधा तिच्या बोलभाषेभोवती आणि आशावादाभोवती फिरते. त्यांच्या पुस्तकांची नावे एकदा सलग वाचावीत: ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५), पुढे निवडक कवितांची ‘सनद’. जाहीरनामा आणि सनद ही दस्तऐवजांची नावे आहेत. दस्तऐवजाला दुसरा पक्ष लागतो. तो कोणासमोर तरी ठेवावयाचा असतो, कोणी तरी तो मानावयाचा असतो. ही कविता वाचकाला सहृदय म्हणून बोलावीत नाही, पक्षकार म्हणून बोलावते. तिच्यावरचा प्रचारकीपणाचा आक्षेप काही कवितांपुरता मला मान्य आहे. परंतु अनेकदा त्या आक्षेपाच्या मुळाशी, आपल्याला पक्षकार केले गेल्याची अस्वस्थता असते.

येथे श्रमिकांच्या बाजूचाही एक हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर माझे प्रतिपादन एकतर्फी होईल. गिरण्यांतील विणाई खात्यात चांगला पगार मिळे आणि ते खाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा कामगारऐक्याच्या पुरस्कर्त्यांची अडचण झाली. ‘कामगार’ ही कोटीसुद्धा साधारणीकरणाने बनलेली होती, आणि तिनेही एक देणे झाकले होते. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ह्या संग्रहातील शीर्षककथेत नायकाला मारणारे हात भांडवलदाराचे नाहीत. ते त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांचे आहेत. ती कथा वाचून केवळ करुणा वाटत असेल, तर वाचन चुकले आहे. तेव्हा ज्याचे येणे आहे तो दुसऱ्या कोणाचा देणेकरी असूच शकत नाही, असे नाही. देण्याची दृष्टी कोणाला निर्दोष ठरवीत नाही, हा मला तिचा गुण वाटतो. करुणेला मात्र निर्दोष बळी हवा असतो. जरा मलीन झालेला दुःखी मनुष्य तिला पेलत नाही.

५

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ह्या लेखाचा पहिला खर्डा वाचून विचारले, “मग काव्याची पावती फाडायची का?” प्रश्न खोचक होता, पण योग्य होता. वाचक प्रत्येक कलाकृतीपुढे देणेकरी म्हणून उभा राहू लागला, तर वाचन म्हणजे वसुली होईल, आणि अपराधगंडाची जी एक सुखद चैन सुशिक्षितांना परवडते तिला नवे साहित्य मिळेल. हा धोका मला दिसतो. अपराधगंड ही करुणेचीच उलटी बाजू आहे. तीतही वाचक स्वतःच्याच भावनेत गुंततो आणि समोरचा पक्ष पुन्हा विस्मरणात जातो. मी सुचवीत आहे ते त्याहून कोरडे आहे. आपण ज्या संबंधात आधीच आहो त्याचे ज्ञान हा वाचनाचा भाग मानावा, विघ्न मानू नये. त्या ज्ञानानंतर कलाकृती आस्वाद्य राहते की नाही, हे कलाकृतीवर अवलंबून आहे. ‘अधांतर’ राहते. आपण गौरवलेल्या इतर काही कृती कदाचित राहणार नाहीत.

खाणावळींच्या उधारीकडे पाहिले म्हणजे मला हे कोरडेपण अधिक स्पष्ट होते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका महिन्याच्या हिशेबावर गाववाल्यांना जेवू घालीत. संप लांबला तसतशा त्याही कर्जात बुडाल्या. त्यांनी लगेच जेवण बंद केले नाही, ह्याला आपण चटकन मायाळूपणा म्हणतो, आणि तो असेलही. पण त्या लिहून ठेवीत होत्या. लिहून ठेवणे म्हणजे समोरचा मनुष्य उद्या फेडील, फेडू शकेल, त्याच्याजवळ पत आहे असे मानणे. भिकाऱ्याला वाढलेले कोणी लिहून ठेवीत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात अनेक आवाज आहेत. हे वाचन करताना मला त्या वह्यांचीही आठवण येत राहते.

त्यांपैकी एक वही मी पाहिली आहे. लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला त्या विद्यार्थिनीने ती एके दिवशी कापडात गुंडाळून आणली. आजी निरक्षर होती. वही शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेली होती. पानागणिक नावे, पुढे महिना, पुढे रक्कम. फेडलेल्या रकमांवर आडवी रेघ. १९८२ च्या जानेवारीनंतरही काही महिने नोंदी तशाच चालू राहतात, रेघा कमी होत जातात, मग नोंदी थांबतात. काही नावांपुढे, बऱ्याच वर्षांनंतर, निराळ्या शाईत रेघ ओढलेली आहे. ते लोक गावाहून येऊन फेडून गेले, असे तिने सांगितले.

तिला ह्या वहीवर लघुप्रबंध लिहावयाचा होता. विषयनिश्चितीच्या बैठकीत विचारले गेले की, ह्यात साहित्य कोठे आहे. मी तिचा मार्गदर्शक म्हणून तेथे होतो आणि मला तेव्हा उत्तर देता आले नाही. तिने पुढे दुसरा विषय घेतला.